डॉक्टरांनी काढून टाकलेली कार्डं

जेवणाच्या टेबलावर गेला आठवडाभर कुणी जेवलं नव्हतं. टेबलावर डॉक्टरांची कार्डं मांडलेली होती. त्यांना कुणी हात लावायचा नाही आणि पंखा दोनच्या पुढे न्यायचा नाही, असा घरात हुकूम होता. बायको ओट्याशी उभी राहून जेवत होती, सासूबाई खिडकीतल्या खुर्चीत ताट मांडीवर घेऊन जेवत होत्या. डॉक्टर जेवत होते की नाही, हे खुद्द डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नसतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा दवाखाना होता आणि त्यांची ख्याती अशी, की हा माणूस दात काढत नाही. हलता, किडका, निम्मा झिजलेला, कसलाही दात घेऊन कुणी आलं तरी डॉक्टर आरसा फिरवून बघायचे आणि म्हणायचे, "जीव आहे अजून यात. राहू दे बिचारा." मात्र रविवारी दुपारी हाच माणूस खेळण्यांच्या दुकानाच्या माडीवर कार्डं खेळायला बसला, की समोरच्याचं टेबलावर काही म्हणून टिकू देत नसे.

खेळ तसा सरळ होता. प्रत्येकाने आपापला कार्डांचा डेक रचून आणायचा. डेकमध्ये प्राणी असतात आणि मंत्र असतात. आपल्या पाळीला एक कार्ड ओढायचं, जमेल तसे प्राणी टेबलावर उतरवायचे आणि समोरच्यावर सोडायचे. बहुतेक लोक एवढंच करतात. डॉक्टरांचा डेक कंट्रोलचा होता. समोरच्याने प्राणी उतरवला रे उतरवला, की मंत्र टाकून तो उचलायला लावायचा. दुसरा उतरवला, तोही उचलायला लावायचा. समोरचा दमून रिकाम्या हाताने बसला, की मग आपलं एकुलतं एक कासव सावकाश बाहेर काढायचं आणि त्याच्या पाठीवर बसून जिंकायचं. प्राणी उचलायला लावणाऱ्या मंत्रांना दुकानात सगळे रिमूव्हल म्हणत. सासूबाई त्यांना हकालपट्टीची पानं म्हणत.

घोडं अडलं होतं ते एका जागेवर. डेकमध्ये कमीत कमी साठ कार्डं लागतात. जास्तीची मुभा आहे, पण शहाणा खेळाडू एकही जास्त घेत नाही, कारण डेक जितका सडपातळ तितकं हवं ते कार्ड लवकर हाती येतं. डॉक्टरांची एकोणसाठ ठरली होती. साठावं कार्ड म्हणून कोणतं रिमूव्हल घ्यायचं, यावर त्यांची झोप उडाली होती. 'चिमटा' घेतला तर छोटे प्राणी जातात, मोठे राहतात. 'दगड हो' घेतलं तर मोठे जातात, पण ते कार्ड टाकायला फार वेळ लागतो. 'राखरांगोळी' टाकली तर टेबलावरचं सगळंच जातं, आपलं कासवसुद्धा.

आणि येता रविवार साधा नव्हता. दुकानाचा चौघांचा संघ परगावच्या स्पर्धेला जायचा होता. तिघे ठरलेले होते. चौथा रविवारच्या सामन्यांतून निवडला जाणार होता. डॉक्टर या संघाबरोबर दर वर्षी जात, पण राखीव म्हणून. राखीव खेळाडूने खेळायचं नसतं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या असतात, बाकीच्यांच्या पिशव्यांवर बसून राहायचं असतं. केस पिकले तरी डॉक्टर पिशव्यांवरच बसत होते. एकदा तरी आपण टेबलाशी बसावं आणि आपली बाटली दुसऱ्या कुणीतरी भरून आणावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

"मला विचाराल तर सांगते," बायको ओट्याशी घास घेत म्हणाली. तिची लाँड्री होती. "आधी डाग बघायचा, मग औषध. शाईला वेगळं, तेलाला वेगळं. डाग न बघता बाटली उचलणारा माणूस मी कामाला ठेवत नाही."

"अगं, पण समोर कोण येणार ते रविवारी कळणार. डाग आधी कसा बघू?"

"मग सगळे कपडे ब्लीचमध्ये बुडवा. डाग जातील."

"आणि कपडे?"

"तेही जातील. पण तुमची काळजी तर जाईल."

खिडकीतून सासूबाई म्हणाल्या, "माझ्यावर करून बघा की. मी नुसतीच बसलेय."

हे खरं होतं. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या, आणि बारीक अक्षर वाचायला बंदी होती. ज्या बाईचा सगळा जन्म ग्रंथालयात गेला, तिला वाचायला बंदी म्हणजे मासोळीला पोहायला बंदी. ग्रंथपाल म्हणून त्यांचाही एक लौकिक होता. त्यांच्या कारकिर्दीत एकही पुस्तक रद्दीत गेलं नाही. वरून हुकूम येत, की जुनी, फाटकी, कुणी नेत नाही ती पुस्तकं काढून टाका. सासूबाई ती पुस्तकं काढत, ऊन दाखवत, पाठीला चिकटपट्टी लावत आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवत. "कुणीतरी येतंच एक दिवस मागायला," असं त्यांचं म्हणणं.

कार्डांवर चित्रं मोठी होती, त्यामुळे डोळ्याचा प्रश्न नव्हता. डॉक्टरांनी जास्तीच्या कार्डांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. सासूबाईंनी मंत्र बाजूला सारले आणि आवडले ते प्राणी घेतले. ससा, चिमण्या, एक हत्तीण, एक जरा आजारी दिसणारं मेंढरू.

"आणि ओढायला पानच उरलं नाही तर हो?" नियम ऐकून त्यांनी विचारलं.

"तर तो हरला. पण ते नुसतं नियमात आहे, आई. तिथवर खेळ जातच नाही."

पहिल्या डावात सासूबाईंनी ससा उतरवला. डॉक्टरांनी चिमटा टाकला. सासूबाईंनी ससा उचलला, पदराने पुसला आणि डब्यात ठेवता ठेवता, जसं कुणी दळता दळता म्हणावं तसं, हलक्या आवाजात म्हणाल्या,

"ससा माझा गुणाचा, बसे घराच्या कोनाला,
नेला वाऱ्यानं उचलून, काय सांगू मी कोणाला?"

डॉक्टरांचा हात पुढच्या कार्डावर थांबला. "आई, हा खेळ आहे हो."

"असू दे की. सशाला कुठं माहीत आहे?"

तो डाव डॉक्टर जिंकले, पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ससा घरीच ठेवला आणि हत्तीण उतरवली. चिमट्याने हत्तीण काही हलेना. डॉक्टरांनी चिमटा काढून टेबलाच्या कडेला टाकला आणि 'दगड हो' आत घेतलं. तिसऱ्या दिवशी हत्तीण आलीच नाही, चिमण्यांचा थवा आला. एका चिमणीचा दगड करेपर्यंत बाकीच्यांनी डॉक्टरांचा फडशा पाडला. 'दगड हो' कडेला गेलं, 'राखरांगोळी' आत आली. चौथ्या दिवशी पुन्हा चिमण्या आल्या आणि डॉक्टरांनी एका झटक्यात टेबल साफ केलं.

सासूबाईंनी एकेक चिमणी उचलली आणि प्रत्येकीसाठी एकेक ओळ म्हटली. एकीला वळचण दिली, एकीला पिल्लू दिलं, एकीला उशिरा घरी येण्याची सवय दिली. बायको बाहेर येऊन दाराशी उभी राहिली.

"काय केलंत आईला?"

"काही नाही. राखरांगोळी टाकली."

"स्वतःच्या घरात?"

त्या दिवशी दुपारी दवाखान्यात पोस्टमन दाढेचं दुखणं घेऊन आला. त्याच्या तोंडात आरसा होता आणि डॉक्टरांच्या डोक्यात चिमण्या. "एकेक काढत बसलं तर वेळ जातो," डॉक्टर स्वतःशी पुटपुटले. "सगळे एकदम काढले तर काम होतं. पण मग मागे रडारड फार होते." पोस्टमन आ वासून ऐकत होता, त्याला दुसरं काही करताही येत नव्हतं. आरसा बाहेर येताच तो खुर्चीतून उतरला आणि दाढ आता एकदम बरी आहे असं म्हणत गळ्यात बांधलेल्या दवाखान्याच्या रुमालासकट निघून गेला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली, की दात न काढणारे डॉक्टर आता सगळेच काढायला लागलेत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कुणी फिरकलं नाही. त्यामुळे कार्डांचा विचार करायला डॉक्टरांना सबंध दिवस मिळाला, आणि विचाराने माणसाचं जे व्हायचं ते झालं. जी एकोणसाठ ठरली होती, त्यांवरचाही त्यांचा विश्वास उडाला.

आता निकषच बदलला. कोणतं रिमूव्हल जोरकस, हा प्रश्न मागे पडला. कोणतं टाकलं की सासूबाई गात नाहीत, हे ते बघू लागले. 'वीजपात' टाकला की दोन ओळी. काढला. 'हद्दपारी' टाकली की चार ओळी आणि एक उसासा. काढली. शेवटी त्यांनी 'परतीची वाट' टाकून बघितली. या मंत्राने प्राणी मरत नाही, धन्याच्या हातात परत जातो आणि पुन्हा उतरवावा लागतो.

सासूबाईंनी मेंढरू हातात घेतलं. "म्हणजे घरी पाठवलंत?"

"हो, घरीच."

"हे बरं केलंत. दमलंच होतं ते."

डॉक्टरांना हायसं वाटलं. शनिवारी संध्याकाळी डेक पुरा झाला. त्यात परतीच्या वाटा होत्या, झोपेचे मंत्र होते, धुकं होतं, आणि सगळ्यांच्या मागे कासव होतं. कुणालाही फार लागू नये असा तो कंट्रोल डेक होता. काढून टाकलेली कार्डं रोज टेबलाच्या कडेला पडत आणि रोज सकाळी कड स्वच्छ झालेली असे. बायकोने आवरली असतील, असं डॉक्टर धरून चालले. बायकोला वाटत होतं, डॉक्टरच आवरतात. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या घरात असल्या गोष्टी कुणी विचारत नाही.

रविवारी सकाळी सासूबाईंच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. वाचायची परवानगी मिळाली होती. "मीही येते माडीवर," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना वाटलं, बघायला येताहेत. माडीवर दुकानदार नावं लिहून घेत होता. त्याने सासूबाईंकडे बघितलं आणि विचारलं, "आजी, तुमचा डेक कुठंय?" सासूबाईंनी पर्समधून कापडात बांधलेलं काहीतरी जाडजूड काढलं. डॉक्टर तेव्हा जागा पकडायला पुढे गेले होते. त्यांनी ते बघितलं नाही.

डॉक्टरांचा पहिला सामना ड्रॅगन्याशी होता. हा गॅरेजमध्ये मेकॅनिक होता आणि ड्रॅगनशिवाय काही खेळत नसे, म्हणून त्याला सगळे ड्रॅगन्या म्हणत. त्याने पहिला ड्रॅगन उतरवला. डॉक्टरांनी परतीची वाट टाकली. ड्रॅगन घरी गेला. पुन्हा उतरवायला ड्रॅगन्याला चार पाळ्या थांबावं लागलं. उतरवला, की पुन्हा घरी.

"डॉक्टर, मारायचं तर मारा एकदाचं," ड्रॅगन्या म्हणाला. "हे काय, जा-ये जा-ये. रिक्षा आहे का ती?"

"दमलाय तो," डॉक्टर म्हणाले. "जाऊ दे घरी."

ड्रॅगन्याने कासवासमोर हात टेकले. दुसरा सामनाही असाच गेला आणि तिसराही. कुणाला लागेल असं काही न करता डॉक्टर जिंकत चालले. माडीच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तिकडे एक पोरगेला कंपाउंडर डोकं धरून उठला आणि दुकानदाराला म्हणाला, "मी सोडतो. आजी काही करतच नाहीत. आणि मलाही काही करू देत नाहीत." त्याच्या आधी उठलेल्यानेही साधारण हेच सांगितलं होतं.

"शेवटचा सामना," दुकानदाराने पुकारलं. "चौथी जागा या दोघांतून. डॉक्टर, आणि आजी."

डॉक्टरांनी मान वर केली. समोरच्या खुर्चीत सासूबाई बसत होत्या. बसता बसता त्यांनी पदर नीट केला आणि चष्मा पुसला.

"आई, तुम्ही?"

"बसा, जावईबापू. सुरू करू या. दुकानदारांना दुकान बंद करायचं असेल."

डॉक्टर निश्चिंत झाले. साऱ्या माडीवर त्यांना कोणाचा डेक पाठ असेल तर तो याच एका बाईचा. ससा, चिमण्या, हत्तीण, मेंढरू. आठवडाभर त्यांनी त्याच डेकला मापून आपला डेक शिवला होता. हातात परतीच्या वाटा होत्या, झोप होती, धुकं होतं. आता फक्त ससा यायचा होता.

ससा आला नाही. सासूबाईंनी एक कार्ड ओढलं, हातात लावलं आणि म्हणाल्या, "तुमची पाळी." डॉक्टरांनी ओढलं, लावलं. "तुमची." असं चालू राहिलं. टेबलावर दोघांच्या मध्ये नुसतं हिरवं कापड होतं. डॉक्टरांच्या हातात रिमूव्हलची दाटी झाली आणि काढायला समोर काही नव्हतं.

"आई, तुमचे प्राणी कुठंयत?"

"घरी ठेवलेत. डब्यात."

"का?"

"इथं आणून काय करायचं? लोक टपलेलेच असतात." त्यांनी कार्ड ओढलं. "तुमची पाळी."

बघायला आलेली बायको डॉक्टरांच्या खुर्चीमागे उभी होती. "काय चाललंय?" तिने ड्रॅगन्याला विचारलं.

"काहीच नाही," ड्रॅगन्या म्हणाला. "दोघंही काही करत नाहीयेत. फार जोरात चाललंय."

शेवटी डॉक्टरांनी कासव काढलं. इतका वेळ जपलेलं कासव त्यांनी कापडाच्या मधोमध ठेवलं. सासूबाईंनी त्याच्याकडे प्रेमाने बघितलं, हातातली पानं चाळली आणि त्यातलं एक खाली ठेवलं. राखरांगोळी.

कासव गेलं.

"हे कार्ड तुमच्याकडे कुठून आलं?" डॉक्टरांचा आवाज जरा चढला.

"तुमचंच आहे. टेबलाच्या कडेला टाकलं होतंत." सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही रोज काढून टाकत होता, मी रोज ठेवून घेत होते. चिमटा आहे, दगड आहे, वीज आहे. चांगली पानं आहेत हो. टाकायची कशाला?"

डॉक्टरांनी स्वतःला समजावलं. कासव गेलं तर गेलं. सासूबाईंकडेही जिंकायला काही नाही. असंच ओढत राहायचं, शेवटी दुकानदार बरोबरी देईल. मग त्यांची नजर सासूबाईंच्या डेककडे गेली. नंतर स्वतःच्या डेककडे. परत सासूबाईंच्या. त्यांचा स्वतःचा डेक सडपातळ होता आणि आता तर वाळलेल्या साबणाच्या वडीएवढा उरला होता. सासूबाईंचा अजून दिवाणखान्यातल्या लोडासारखा होता.

"आई, तुमच्या डेकमध्ये कार्डं किती आहेत?"

"मोजली नाहीत बाई. दुकानदारांना विचारलं, जास्त चालतात का. ते म्हणाले चालतात. मग तुम्ही टाकलेली आणि डब्यातली मंत्रांची, सगळीच घेतली. कुणाला काढायचं ते काही मला ठरवता येईना."

माडीवरचे सगळे आता टेबलाभोवती जमले होते. डॉक्टर ओढत होते, सासूबाई ओढत होत्या. एका पाळीला डॉक्टरांनी हात पुढे केला आणि बोटं कापडावर टेकली. तिथे कार्ड नव्हतं. त्यांनी बोटं तशीच थोडा वेळ ठेवली, जणू कापडाखालून एखादं उगवेल.

"नियमात आहे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं होतंत."

दुकानदाराने चौथ्या जागेपुढे 'आजी' असं लिहिलं. मग डॉक्टरांकडे बघितलं, आणि न विचारताच खाली लिहिलं, 'राखीव: डॉक्टर.'

सोमवारी सासूबाई आपल्या घरी परत जायच्या होत्या. त्यांची बॅग भरून दारापाशी ठेवलेली होती. सकाळी बायकोने ती उचलून परत माळ्यावर टाकली, कारण संघाच्या खेळाडूला सराव लागतो. दवाखान्यात अजून कुणी फिरकत नव्हतं, तेव्हा सराव द्यायला घरात मोकळा माणूस एकच होता. सासूबाईंनी जेवणाच्या टेबलावर आपली कार्डं मांडली. टेबल पुरलं नाही म्हणून बाजूला इस्त्रीचं टेबल लावलं.

"आम्ही जेवायचं कुठं?" बायकोने विचारलं. आणि स्वतःच ताट घेऊन ओट्याशी गेली.

"माझ्याशी खेळायला प्राण्यांचा डेक हवा," सासूबाई म्हणाल्या. "स्पर्धेत सगळे प्राणीच घेऊन येणार. तो डबा घ्या, जावईबापू."

डॉक्टरांनी डबा उघडला. वरच ससा होता, कान जरा दुमडलेला. त्यांनी बोटाने तो सरळ केला, मागे पुढे बघितलं आणि टेबलावर उतरवला, सासूबाईंपासून जमेल तितका लांब, बरणीच्या आडोशाला.

सासूबाईंनी चष्म्यातून बघितलं. हातातली पानं चाळली. चिमटा टाकला.

डॉक्टरांनी ससा उचलला. डब्यात ठेवायला लागले आणि थांबले. ओट्याशी घास घेणाऱ्या बायकोला बाहेरून पुटपुटणं ऐकू आलं. आवाज आईचा नव्हता.

"ससा माझा गुणाचा, बसे घराच्या कोनाला..."

"जावईबापू," सासूबाई पुढचं पान ओढत म्हणाल्या, "हा खेळ आहे हो."